तसेही जागेच असतात

हंगामाची विटांची भट्टी लावायची राहिली होती, आणि नेमकं तेव्हाच म्हाताऱ्याच्या अंगातलं दिवस-रात्रीचं गणित बिघडलं.

तसा माणूस वेळेचा मोठा पक्का. आयुष्यभर उजाडायच्या आत उठला. उठला की आधी खोकायचा, मग दाराची कडी वाजवायचा, मग विहिरीवर बादली आपटायचा, आणि तेवढ्या आवाजात अख्खी वस्ती जागी व्हायची. लोक त्याला कोंबडा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तो हसायचा. विटा पाडायच्या त्या ऊन चढायच्या आत, हे त्याचं ठरलेलं. दिवस मावळला की जेवून आडवा. पाठ टेकायचा अवकाश, घोरायला सुरुवात. लग्नानंतर पहिली काही वर्षं म्हातारीला याच गोष्टीचा राग यायचा. दिवसभराचं मनात साठवून बोलायला जावं, तर समोर माणूसच नाही.

आता पोटातली गाठ हाडांत उतरली होती. डॉक्टरांनी कापाकापीचं नाव काढायचं सोडलं होतं आणि दुखणं दाबायच्या गोळ्या तेवढ्या दिल्या होत्या. दुखण्याचं म्हातारीला कळत होतं. माणूस दुखलं की कण्हतो, कण्हला की पाठ चोळायची, गोळी द्यायची. पण झोपेचं हे नवीन काय होतं ते तिला कळेना. रात्र पडली की म्हातारा उठून बसायचा. बसवत नाही म्हणून उभा राहायचा, उभं राहवत नाही म्हणून भिंत धरून फिरायचा, पाणी मागायचा आणि प्यायचा नाही. आणि दिवसा, लख्ख उन्हात, मजुरांची आरडाओरड चालू असताना घास तोंडात तसाच ठेवून त्याची मान खाली यायची. तीही झोप म्हणावी अशी नव्हतीच. डुलकी लागायची, दचकून जागा व्हायचा, आणि कुणीतरी आपली चोरी पकडल्यासारखा सगळ्यांकडे बघत राहायचा.

"एकदा सलग झोप लागली ना यांना," म्हातारी सुनेला म्हणायची, "एकच रात्र. माझं दुसरं काही मागणं नाही."

डॉक्टरीणबाई वयानं नातीसारखी होती, पण ऐकून घेणारी होती. ती म्हणाली, या आजारात असं होतं आजी. शरीराला दिवस कुठला न् रात्र कुठली तेच कळेनासं होतं. दिवसा उजेडात बसवा, झोपू देऊ नका, जमेल तेवढं काहीतरी करू द्या. रात्री अंधार आणि शांतता ठेवा. आणि संध्याकाळची गोळी चुकवू नका.

बोलणं साधं होतं. पण घरी आणेपर्यंत मुलानं त्याचा हुकूम करून टाकला. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याची खाट आवारात आणून ठेवली, जिथं विटा पाडायचं काम चालतं तिथंच, उघड्यावर.

"डॉक्टरांनी सांगितलंय, दिवसा झोपू द्यायचं नाही," मुलानं सगळ्यांना सांगितलं. "मान पडली की हाक मारा."

मग काय, सगळ्यांनाच काम मिळालं. सून साच्यात चिखलाचा गारा थापत होती, ती मध्येच मान वर करून "बाबा!" म्हणायची. गारा कालवणारी बाई "मालक!" म्हणून ओरडायची. कच्च्या विटा उलटवणारा मजूर जाता-येता खाटेच्या पायाला फावड्याचा दांडा ठोकायचा. दर वेळी म्हातारा दचकायचा आणि म्हणायचा, "जागाय मी, जागाय." एकदा हाका मारूनही उठला नाही, तेव्हा सुनेनं ओल्या हातानं त्याच्या तोंडावर पाणी शिंपडलं. पाण्याबरोबर चिखलाचे ठिपके गालावर गेले. मजूर हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ज्या माणसाच्या बादलीच्या आवाजानं ही माणसं इतकी वर्षं उठली, त्यालाच आता ती उठवत होती. म्हातारीनं पदरानं ते ठिपके पुसले आणि सुनेकडे असं बघितलं की सून दिवसभर तिच्याशी बोलली नाही.

आणि एवढं करून रात्री काय? रात्री तसंच. दिवसा जागा ठेवलेला माणूस रात्रीही जागाच. फक्त आता जास्त थकलेला.

घर दोन खोल्यांचं. एकाच्या पायाचा आवाज सगळ्यांच्या कानात. मुलगा दिवसभर कच्च्या विटा उचलून थकलेला असायचा. एकदा तो अंथरुणातूनच म्हणाला, "बाबा, बसा ना एका जागी. आम्हाला सकाळी उठायचंय."

म्हातारा लगेच बसला. अंधारात भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, हालचाल न करता बसला. म्हातारी त्याच्या शेजारी जाऊन बसली, तर तो कुजबुजला, "तू झोप गं. माझ्यामुळं सगळ्यांच्या झोपेचं खोबरं झालंय."

भट्टी रचायला घेतली आणि दुसरीच कटकट उभी राहिली. रात्री भट्टी राखणारा लांब्या कामाला येईना. त्याला गावाबाहेरच्या गोदामावर पहाऱ्याचं काम लागलं होतं, तिथं खुर्ची होती आणि पंखाही होता, मग तो धुरात कशाला येतो? भट्टी राखणं म्हणजे नुसतं बसणं नसतं. पायथ्याला चारी बाजूंनी विस्तवाची तोंडं ठेवलेली असतात. वारा ज्या बाजूनं लागेल त्या बाजूची तोंडं चिखलानं बुजवायची, नाहीतर वारा आत शिरतो, विस्तव भडकतो, त्या अंगाच्या विटा वितळून एकमेकींना चिकटतात आणि पलीकडच्या कच्च्याच राहतात. वारा फिरला की तोंडं बदलायची. भट्टी पेटली की ती पुरी होईपर्यंत कुणीतरी डोळ्यात तेल घालून बसायलाच हवं. मुलगा दिवसा बसणार, मग रात्री कोण? आभाळ रोज संध्याकाळी गढूळ व्हायला लागलं होतं आणि सगळ्या हंगामाच्या कच्च्या विटा उघड्यावर होत्या. भिजल्या असत्या तर पुन्हा चिखलच.

जेवता जेवता मुलगा म्हणाला, "बाबा बसतील की."

म्हातारीला वाटलं, थट्टा करतोय. तिनं वर बघितलं. थट्टा नव्हती.

"तसेही जागेच असतात," तो म्हणाला. "घरात फेऱ्या मारण्यापेक्षा भट्टीपाशी बसतील. डॉक्टरांनीच सांगितलंय ना, काहीतरी करू द्या म्हणून."

"दिवसा करू द्या म्हणाल्या. रात्री अंधार आणि शांतता ठेवा म्हणाल्या. तेवढं बरं विसरलास."

"मग तूच सांग, माणूस कुठून आणू? मी दिवसा बसून पुन्हा रात्री बसू?"

"आजारी माणूस आहे रे तो. तुझा बाप आहे."

"म्हणून तर विचारतोय. परक्याला कोण भट्टी सोपवतं?"

मुलगा वाईट नव्हता, हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर म्हातारीनं त्याला चार शिव्या घालून गप्प केला असता. तो नुसता दमलेला होता आणि त्याचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटत होतं.

पण खरी कलाटणी मिळाली ती भलतीकडूनच. खाटेवरून आवाज आला, "मी बसतो." म्हातारा कोपरावर उठला होता. कितीतरी दिवसांत त्याच्या तोंडावर असा हुरूप दिसला नव्हता. "लांब्याला कुठं काय कळत होतं? तीन तोंडं बुजवायची तिथं पाच बुजवायचा. मी बसतो." मग सुनेला म्हणाला, "थोडा भात वाढ गं." आणि वाढलेला भात त्यानं सगळा खाल्ला.

म्हातारीचं सगळं बोलणं तिथंच संपलं. मुलावर चिडावं तर म्हातारा खूश, आणि म्हाताऱ्यावर चिडावं तर तो जेवला होता. ती ताटं उचलून बाहेर गेली आणि उगाच घासलेलंच पुन्हा घासत बसली.

भट्टी रचताना म्हातारा खुर्चीवर बसून सांगत होता. खालच्या थरात हवा ठेवा, कोपरा घट्ट बसवा, कोळशाचा चुरा इकडे जास्त पडलाय. मजूर "हो मालक, हो मालक" म्हणत होते आणि आता कुणी खाटेला दांडा ठोकत नव्हतं. पेटवताना पहिला पलिता त्यालाच धरू दिला. मुलानं त्याच्या मनगटाला आधार दिला. बापलेक दोघं हसले. म्हातारीनं ते लांबून बघितलं. आपण उगाच वाईट बोललो की काय, असं तिलाही घडीभर वाटून गेलं.

त्याची खाट भट्टीच्या कोपऱ्याशी टाकली होती. त्याला सारखी थंडी वाजायची, इतरांना घाम फुटावा अशा दिवसांतही, त्यामुळे ती ऊब त्याला सोसायची. रात्री तो काठी टेकत भट्टीभोवती फिरायचा, बसून बसून तोंडं तपासायचा, थापीनं चिखल मारायचा. सकाळी घरात यायचा तेव्हा डोळे खोल गेलेले, हातापायांना चिखल, आणि चेहरा राखेच्या रंगाचा. पण बोलायचा मात्र ऐटीत. "रात्री वारा दोनदा फिरला. लांब्या असता तर वाया गेली असती भट्टी."

दिवसा आता त्याला कुणी हाका मारत नव्हतं. रात्रपाळीच्या माणसाला दिवसा झोपायची परवानगी असते. पण झोप कुठं होती? ओठ दाताखाली धरून पडून राहायचा. कूस बदलायचा तेव्हा घशातून असा आवाज निघायचा की सून कामाचं निमित्त काढून बाहेर जायची. म्हातारी पाठ चोळायची तर पाठीचे मणके एकेक हाताला लागायचे.

"गोळीनं काहीच फरक पडत नाही का हो?"

"पडतो की."

"मग एवढं का दुखतंय?"

त्यानं डोळे मिटून घेतले. त्याचा सदरा धुवायला घेतला तेव्हा तिला कळलं. खिशात संध्याकाळच्या गोळ्या होत्या. सगळ्या. तिनं रोज हातावर ठेवलेल्या, त्यानं रोज तोंडात टाकल्यासारखं करून खिशात घातलेल्या.

ओल्या हातात गोळ्या घेऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली. "हे काय?"

"ओरडू नको. त्या घेतल्या की गुंगी येते. भट्टीपाशी बसून गुंगी आली तर कसं व्हायचं?"

"आणि दुखतं त्याचं काय?"

"दुखलं की जाग राहते," म्हातारा म्हणाला. सरळ, कामाची गोष्ट सांगावी तसा. "थोडेच दिवस राहिलेत भट्टीचे. मग घेतो ना. मुलाला सांगू नको, तो बसू देणार नाही."

तिला तेव्हा म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खरंच वाटली. इतका राग तिला उभ्या जन्मात आला नव्हता, ना दारिद्र्याचा, ना सासूचा. ती मागं वळली आणि सदरा दगडावर असा आपटला की एक बटण उडून गेलं.

संध्याकाळी तिनं चहा केला. साखर नेहमीपेक्षा जास्त घातली, कारण गोळी कडू असते. चमच्याखाली चुरली, ढवळली, आणि कप घेऊन भट्टीपाशी गेली. आज तिनं मनाशी सगळं ठरवलं होतं. हा झोपेल आणि मी बसेन. चाळीस-एक वर्षं याच्याबरोबर भट्ट्या लिंपल्यात, तोंडं बुजवायला मला कुणी शिकवायला नको.

"आज चहा गोड झालाय," म्हातारा म्हणाला.

"साखर पडली जास्त. प्या."

तो प्यायला. थोडा वेळ बोलत बसला. तिला म्हणाला, तू जा, दोघांनी कशाला जागायचं. ती म्हणाली, बसते थोडी, घरात उकडतंय. बोलता बोलता त्याचं एक वाक्य अर्ध्यावर राहिलं. तो खाटेवर कलंडला. आणि झोपला.

ती आधी घाबरलीच. वाकून श्वास बघितला. श्वास चालू होता, लांब आणि सावकाश. कपाळावरची आठी गेली होती. मुठी सुटल्या होत्या. मग, बऱ्याच वेळानं, तो घोरायला लागला. तोच जुना आवाज, जो ऐकून तिला एकेकाळी चीड यायची. म्हातारी खाटेशेजारी जमिनीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

मग उठून कामाला लागली. तिनं फेऱ्या मारल्या, तोंडं तपासली, एक बुजवलं, एक मोकळं केलं. सगळं नीट चाललं होतं. पहाटेला मात्र वारा फिरला. ढगांच्या बाजूनं आला, गार आणि जोराचा, आणि नेमका म्हाताऱ्याच्या खाटेच्या अंगानं भट्टीवर बसला. तिनं धावत चिखलाचं घमेलं आणलं. त्या बाजूची हात पोचत होता ती तोंडं बुजवली. पण कोपऱ्यातली तोंडं खाटेखाली होती. खाट सरकवल्याशिवाय तिथं हात जात नव्हता.

तिनं खाटेची कड धरली आणि उचलली. म्हातारा कण्हला. घोरणं थांबलं. पापण्या हलल्या.

तिनं कड हळूच खाली ठेवली.

वारा भट्टीत शिरत होता. खाटेखालून आत जाणाऱ्या हवेचा सूं सूं आवाज तिला ऐकू येत होता. विटांच्या फटींतली लाली आधी केशरी झाली, मग पिवळी. मुलाला हाक मारली असती तर त्यानं खाट बापासकट उचलून बाजूला ठेवली असती. तिला सगळं दिसत होतं, समजत होतं. हंगामभराच्या विटा, सुनेचे फुटलेले तळहात, मुलाची कंबर, सगळं त्या भट्टीत होतं. ती खाटेकडे बघत होती. म्हातारा पुन्हा घोरायला लागला होता.

थोडा वेळ, ती स्वतःशी म्हणाली. अजून थोडा वेळ.

फटी पांढऱ्या व्हायला लागल्या तरी ती थोडा वेळच म्हणत होती.

उजाडताना मुलगा आला तो लांबूनच ओरडत आला. "बाबा! अहो बाबा! हे काय?" त्यानं खाट धरून ओढली. म्हातारा जागा झाला, कुठं आहोत ते त्याला कळेना. मग त्याला कोपरा दिसला. आतल्या विटा मेणासारख्या वितळून बसल्या होत्या, वरचा थर खचला होता. मुलगा उघड्या तोंडांवर चिखल फेकत होता, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. सून घराच्या दारातून धावत आली आणि अर्ध्या वाटेतच खाली बसली.

म्हातारा उठायला गेला आणि पडला. पडल्या जागेवरून म्हणाला, "डोळा लागला. माझा डोळा लागला रे."

"एक काम दिलं होतं, बाबा," मुलगा म्हणाला. घमेलं त्याच्या हातातून गळून पडलं. "एकच."

म्हातारी मधे आली. "त्यांना बोलू नको. मी चहात गोळी घातली होती. झोपावेत म्हणून. मी बसले होते इथं रात्रभर."

"तू बसली होतीस? मग तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

मुलानं आईकडे बघितलं. फावडं उचललं आणि भट्टीच्या पलीकडे निघून गेला. फावडं दगडावर आपटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

म्हातारीनं म्हाताऱ्याला काखेत हात घालून उठवलं. तिला वाटलं होतं, निदान तो तरी समजेल. मुलानं शिव्या घातल्या तरी चालतील, गावानं वेडी म्हटलं तरी चालेल, ज्याच्यासाठी केलं त्याला तर कळेल.

"दिसत होतं तुला?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"हो."

"मग उठवलं का नाहीस?"

"तुम्ही झोपला होतात. इतक्या दिवसांनी..."

"भट्टी होती ती!" तो ओरडला. ओरडण्याएवढा जीव त्याच्यात कुठून आला कोण जाणे. खोकला आला, तो खोकत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "झोपायला मला पुढं वेळच वेळ होता. आज कशाला झोपवलंस?" आणि तिचा हात त्यानं काखेतून काढून टाकला. काठी धरून, तोल सावरत, एकटा घराकडे गेला.

भट्टी निवल्यावर फोडली. एका अंगाला काळे गोळे, दुसऱ्या अंगाला कच्ची माती, मधल्या काही विटा कामाच्या. मजूर कामाच्या तेवढ्या विटा वेगळ्या काढत होते. मुलगा दुसऱ्याच्या भट्टीवर मजुरीला जायला लागला. आईशी तो कामापुरतं बोलायचा, तुटक, पण बोलायचा. सूनही थोड्या दिवसांनी बोलायला लागली.

म्हातारा बोलला नाही. खाट आत आली होती. कुणी त्याला उठवत नव्हतं आणि कुणी काही काम सांगत नव्हतं. रात्री तो भिंतीला टेकून बसायचा, दिवसा डुलक्या घ्यायचा आणि दचकायचा. म्हातारीनं पुढं केलेलं पाणी तो घ्यायचा नाही. तिनं वाढलेलं ताट तसंच राहायचं. चहाचा कप नाकाशी धरून वास घ्यायचा आणि बाजूला ठेवून द्यायचा. सुनेनं दिलं तर मात्र खायचा. गोळीसुद्धा सुनेच्याच हातून, आधी नीट बघून.

मग दोघींनी न बोलताच वाटणी करून घेतली. म्हातारी स्वयंपाकघरात करायची आणि सून बाहेर न्यायची.

एके दिवशी संध्याकाळी चहा झाला. म्हातारीनं कप सुनेच्या हातात दिला आणि दाराआड उभी राहिली. पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, खोल गेलेला, पण नीट ऐकू येईल असा.

"कुणी केला?"

"मीच केला, बाबा," सून म्हणाली.

म्हातारीनं भुरका ऐकला. एक, मग दुसरा. तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं आणि आवाज होणार नाही असं खाली ठेवलं.